हात जुना, गळा नवा

दिवाळीच्या आवराआवरीत आमच्या ड्रमरला माळ्यावर एक हार्ड डिस्क सापडली. चकलीच्या सोऱ्याच्या डब्यात, जाळ्यांच्या खाली. ती तिथे कशी पोचली हे त्यालाही सांगता येईना. त्याने फोटो पाठवला आणि खाली एवढंच लिहिलं, 'यात आपण आहोत बहुतेक.'

होतो. २००९ साली सदाशिव पेठेतल्या एका वाड्याच्या वरच्या मजल्यावर आम्ही चौघांनी चार गाणी रेकॉर्ड करायला घेतली आणि साडेतीन करून सोडून दिली. सोडायला मोठं कारण नव्हतं. भांडणबिंडण तर अजिबात नाही. गायकाने बँकेची परीक्षा दिली आणि कुणाच्या ध्यानीमनी नसताना तो पास झाला. बेसवाल्याचं लग्न ठरलं. मी भोसरीत एका कारखान्यात क्वालिटीला लागलो, तो अजून तिथेच आहे. दिवसभर व्हर्नियर आणि मायक्रोमीटर, संध्याकाळी नाशिक फाट्याचा ट्रॅफिक. मग वाडाही पडला. आमची खोली होती साधारण त्या उंचीवर आता कुणाच्या तरी बेडरूमचा एसी लटकतो. त्या बाजूला गेलो की मान वर जातेच.

डिस्क चालू झाली, याचंच मला नवल. आत एका फोल्डरला मी नाव दिलं होतं: 'कोरी गिटार'. कोरा चहा असतो तशी कोरी.

ज्यांचा या भानगडीशी संबंध नाही त्यांच्यासाठी थोडं सांगतो. इलेक्ट्रिक गिटारच्या तारांखाली पिकअप असतं, म्हणजे चुंबकाभोवती केसाएवढ्या तांब्याच्या तारेचे काही हजार वेढे. वर तार हलली की खाली वीज हलते. ती वीज वायरीतून अ‍ॅम्पमध्ये जाते, तिथे फुगते, फाटते, तापते आणि स्पीकरमधून बाहेर येते. आपण ज्याला इलेक्ट्रिक गिटारचा आवाज म्हणतो, त्यातला निम्मा तरी या अ‍ॅम्पचा आणि स्पीकरचा असतो. गिटारचा स्पीकर पाच हजार हर्ट्झच्या वरचं फारसं काही बाहेर सोडतच नाही, आणि म्हणूनच तो कानाला गोड लागतो. हे सगळं टाळून वीज सरळ कॉम्प्युटरमध्ये घेतली की हातात उरते कोरी गिटार. बारीक, टणक, रबरबँड ताणून वाजवल्यासारखी. स्टुडिओत तिला डीआय म्हणतात.

आम्ही ती हौसेने घेतली नव्हती. वाड्याच्या मालकीणबाई आमच्या बरोबर खाली राहायच्या. मध्ये लाकडी तक्तपोशी, तिच्यावर मातीचा थर आणि त्यावर आम्ही. अ‍ॅम्प एकदाच लावला. पहिल्या कॉर्डला वरची माती काकूंच्या ताटात पडली. त्यानंतर त्या काठीने खालून छत ठोकायच्या, आणि तेही तालात नाही, हे आमच्या ड्रमरचं कायमचं दुःख. त्यामुळे ड्रम बाहेर, तासावर घेतलेल्या जॅम रूममध्ये झाले. आणि गिटार मी कानाला हेडफोन लावून, सॉफ्टवेअरमधला लुटुपुटीचा अ‍ॅम्प ऐकत, रात्री दहानंतर वाजवली. खोलीत तेव्हा फक्त तारांची किणकिण आणि माझी पावलं ऐकू येत असणार. रेकॉर्ड होत होती ती कोरी गिटार.

तेव्हा कुठेतरी वाचलं होतं की कोरा ट्रॅक टाकू नये, पुढे कधी खऱ्या अ‍ॅम्पमधून काढता येतो. याला री-अ‍ॅम्पिंग म्हणतात. कॉम्प्युटरमधला कोरा आवाज बाहेर काढायचा, गिटारच वाजते आहे अशा थाटात तो पेडलमध्ये (आवाज बदलणारी, पायाने दाबायची डबी) आणि अ‍ॅम्पमध्ये घालायचा, स्पीकरपुढे माइक धरायचा आणि निघेल ते नव्याने रेकॉर्ड करायचं. वाजवणारा झोपलेला असला तरी चालतं. त्या 'पुढे कधी'ला पंधरा वर्षं लागली.

ड्रमरचं म्हणणं, एवढा खटाटोप कशाला? सॉफ्टवेअर आता इतकं सुधारलंय, दोन क्लिक आणि काम झालं. त्याचं चूक नाही. डोळे मिटून दोन्ही ऐकवले तर निम्म्या वेळा मला फरक सांगता येणार नाही, हे मी इथे कबूल करतो, त्याच्यासमोर करणार नाही. पण पंधरा वर्षांपूर्वी लुटुपुटीच्या अ‍ॅम्पवर वाजवलेलं आता दुसऱ्या लुटुपुटीच्या अ‍ॅम्पमधून काढायचं, हे मला पटेना. एकदा तरी त्या गिटारने खोलीतली हवा हलवलेली बघायची होती.

पहिल्या रविवारी मी घरातच शहाणपणा केला. कॉम्प्युटरच्या ऑडिओ कार्डातून वायर काढली आणि सरळ पेडलमध्ये खुपसली. पेडल म्हणजे ते हिरवं, ट्यूब स्क्रीमर म्हणतात ते. मधल्या पट्टीतला आवाज पुढे आणणारं, गरीब स्वभावाचं. त्यातून जे बाहेर आलं त्याला आवाज म्हणणं धाडसाचं होईल. आधी 'घूंऽऽ' अशी जाड घरघर, आणि तिच्या पोटात कुठेतरी पत्रा कापल्यासारखी माझी गिटार.

दोष पेडलचा नव्हता. ऑडिओ कार्डातून निघणारा आवाज तगडा असतो. स्टुडिओच्या हिशेबात प्लस चार, म्हणजे साधारण सव्वा व्होल्ट. माझ्या साध्या सिंगल कॉइल पिकअपमधून येणार एक-दोन दशांश व्होल्ट. पेडलला सवय घरच्या नळाच्या धारेची, आणि मी टँकरचा पाइप जोडला होता. बरं, प्रश्न नुसत्या जोराचाही नसतो. पिकअपच्या त्या हजारो वेढ्यांचा स्वतःचा काही हजार ओहमचा रोध असतो, आणि अ‍ॅम्पचं तोंड दहा लाख ओहमचं, म्हणजे जवळपास काहीच न मागणारं. गिटार, वायर, पेडल, अ‍ॅम्प हे सगळे या हिशेबाने एकमेकांशी जुळलेले असतात. फझ, म्हणजे आवाज फाडणारं पेडल, तर फारच मानी. १९६६मध्ये लंडनहून आलेला तो गोल थाळीसारखा फझ फेस घ्या. समोर खरं पिकअप आहे की नाही हे त्याला बरोबर कळतं, कारण पिकअपची गुंडाळी हा त्याच्या सर्किटचाच भाग होऊन बसते. दुसरं काही जोडलं की तो फुरंगटतो, कर्कश होतो. सासुरवाडीचा जावई बरा.

ती 'घूं' मात्र वेगळ्या जातीची. कॉम्प्युटर एका प्लगमधून अर्थिंगला जोडलेला, अ‍ॅम्प दुसऱ्या. आणि मी मध्ये वायर टाकून दोघांचं वर्तुळ पूर्ण केलेलं. त्या वर्तुळात आपल्या भिंतीतली ५० हर्ट्झची वीज गरबा खेळते. एका जाणकाराने सल्ला दिला, अ‍ॅम्पच्या प्लगची अर्थची पिन काढून टाक, आवाज बंद. आवाज बंद होतो हे खरं. व्हॉल्व्हच्या, म्हणजे काचेच्या नळ्यांच्या, अ‍ॅम्पमध्ये तीनशेच्या वर व्होल्ट असतात आणि ती पिन आपला आवाज बंद होऊ नये म्हणून असते, हेही खरं. असले सल्ले देणाऱ्यांच्या हातचा चहासुद्धा मी घेत नाही.

तर यासाठी एक डबी लागते. कल्पना तशी जुनी आहे. १९४७ साली शिकागोत बिल पुटनम या रेकॉर्डिंग इंजिनिअरने हार्मोनिका वाजवणाऱ्या एका त्रिकुटाचा आवाज स्पीकरमधून बाथरूममध्ये सोडला, तिथे माइक ठेवला आणि फरशीवरून उसळलेला आवाज मूळ आवाजात मिसळला. वाजवलेलं पुन्हा खऱ्या जागेत सोडायचं आणि जागा त्याचं काय करते ते पकडायचं. आपला खटाटोप त्याच घराण्यातला. पुढे टेपवरची गिटार परत अ‍ॅम्पमध्ये घालायला लोक काय काय जुगाड करत, आणि नव्वदच्या दशकात गिटारवादक जो सॅट्रियानीबरोबर काम केलेल्या जॉन क्युनिबर्टी या इंजिनिअरने खास याच कामाची डबी बनवून विकायला काढली. तिचं नाव री-अ‍ॅम्प. डबीचं नाव पुढे अख्ख्या क्रियेला चिकटलं, आपल्याकडे प्रत्येक फोटोकॉपी झेरॉक्स झाली तसं.

तयार डबी मिळते. पण महिन्याअखेर होती, आणि तपकीर गल्ली अजून जागेवर होती.

बुधवार पेठेतल्या त्या गल्लीत कॉलेजात असताना मी जेवढा वेळ घालवला तेवढा कॉलेजात घालवला नाही. आता अर्धी गल्ली एलईडीच्या माळांची आणि चार्जरची. पण आतल्या बाजूला एका काउंटरवर अजून काका बसतात, त्यांच्या मागे काड्यापेटीएवढे शेकडो खण. मी म्हटलं, ऑडिओ ट्रान्सफॉर्मर हवाय, सहाशेला सहाशे. त्यांनी चष्म्यावरून पाहिलं. "टेलिफोनचं काम करता?" नाही म्हटलं, गिटारचं. ते काही बोलले नाहीत. स्टुलावर चढले, एक खण काढला, त्यातली धूळ फुंकली आणि सुपारीएवढा ट्रान्सफॉर्मर माझ्या तळहातावर ठेवला. "शेवटचे तीन आहेत. तिन्ही न्या, नंतर येऊन मला त्रास देऊ नका." तिन्ही नेले. दोन जॅक, एक दहा केचा पॉट, एक टॉगल स्विच, थोडे रेझिस्टर. डबी म्हणून घरातला मुखवासाचा स्टीलचा डबा.

ट्रान्सफॉर्मरची गंमत अशी की त्याच्या दोन गुंडाळ्या एकमेकींना शिवत नाहीत. आवाज एकीतून दुसरीत जातो तो चुंबकावाटे. म्हणजे सोवळं पाळून देवाणघेवाण. त्यामुळे टॉगल स्विचने दोन्हीकडच्या अर्थिंगची जोड सोडली की वर्तुळ तुटतं आणि घूं थांबते. पॉटने आवाजाचा जोर उतरवायचा. आणि पुढे एक रेझिस्टर टाकून, मी पिकअपच आहे बरं का, अशी अ‍ॅम्पची समजूत घालायची. सर्किट एवढंच. पॉट मी उलटा जोडला, त्यामुळे बटण उजवीकडे फिरवलं की आवाज कमी होतो. तसाच ठेवलाय.

एक अडचण मात्र डबीने सुटणारी नव्हती. किती जोर उतरवायचा? खरं म्हणजे जुनी गिटार अ‍ॅम्पला लावायची, तिचा जोर बघायचा आणि डबीतून तेवढाच जोर येईपर्यंत बटण फिरवायचं. पण ती गिटार मी २०१२मध्ये विकली. आणि रेकॉर्ड करताना ऑडिओ कार्डाचा गेन किती ठेवला होता, हे मी कुठेही लिहून ठेवलेलं नाही. दहा मायक्रॉन इकडेतिकडे झाले तर पूर्ण लॉट परत पाठवणारा मी. शेवटी आत्ताच्या गिटारवर तेच तुकडे वाजवून कानाने जमवलं. अंदाजपंचे.

जागेचा प्रश्न मावशीने सोडवला. ती प्रभात रोडवर एका जुन्या इमारतीत तळमजल्यावर राहते. शेजारच्या इमारतीचं रिडेव्हलपमेंट चालू आहे, म्हणजे सकाळी आठपासून काँक्रीट फोडायचे ब्रेकर. "त्या आवाजात तुझी गिटार कोणाला ऐकू जाणारे? ये," ती म्हणाली. खरंय. पण ब्रेकर माझ्या माइकला ऐकू जाणार होता. पुण्यातल्या एक ते चारच्या शांततेचा विनोद आता शिळा झाला. ब्रेकरवाल्यांची सुट्टी एक ते दोनच. तेवढ्यात सगळं उरकायचं.

मावशी गाते. मैफली वगैरे फारशा नाहीत, पण पन्नास वर्षं रोज गाते. तिच्या आतल्या खोलीत दोन तानपुरे गवसणीत उभे असतात. त्यांच्या शेजारी मी माझा पंधरा वॉटचा अ‍ॅम्प मांडला. अ‍ॅम्प चालू केला, व्हॉल्व्ह तापले, अजून डबीचा स्विच टाकायचा होता म्हणून घूं सुरू झाली. मावशी स्वयंपाकघरातून बाहेर आली, उंबऱ्यात थांबून तिने क्षणभर ऐकलं आणि म्हणाली, "पांढरी पाच. जरा चढीच आहे."

मी हिशेब करून पाहिला. मेन्सच्या घुंईत ५०च्या जोडीला १०० हर्ट्झही असतो. पांढरी पाच त्या सप्तकात ९८. म्हणजे महावितरण अख्ख्या पुण्याला पांढरी पाचचा तानपुरा देतं, जरासा चढा. इतकी वर्षं त्या आवाजावर वैतागलो, त्याचा सूर काढावा असं कधी सुचलं नाही.

स्विच टाकला. घूं गेली. मावशीची नात कॉलेजातून आली होती, तिला मी माइक धरायला बसवलं. माइक म्हणजे एसएम ५७. १९६५पासून तो असाच आहे, दांडक्यासारखा, आणि पडला तर फरशीची काळजी करावी असा. या कामात ज्याला आपण फार कौशल्याचं समजतो ते प्रत्यक्षात इतकंच असतं: स्पीकरच्या मध्यावर, टोपीसमोर, माइक धरला तर आवाज चरचरीत येतो, काठाकडे सरकवला की मऊ, गडद होत जातो. दोन्हींच्या मध्ये, बोटाच्या एका पेराएवढ्या जागेत, तो आवाज असतो जो आपल्याला हवा असतो. मी बाहेरच्या खोलीत कानाला हेडफोन लावून, ती आत.

"डावीकडे. अजून. अगं, थोडं म्हटलं."

"काका, हे थोडंच होतं."

"मागे ये. आता तिरका कर. थांब! हलू नकोस."

तिने तिथे जाळीच्या कापडावर खडूने फुली मारली. ती फुली अजून आहे.

आणि मग मी पहिलं गाणं सोडलं. आत कोणी गिटार घेऊन उभं नव्हतं. अ‍ॅम्पसमोर फक्त मुखवासाचा डबा. त्यातून बावीस-तेवीस वर्षांच्या मुलाने वाजवलेला पहिला कॉर्ड आला आणि दाराची कडी थरथरली. मागचे तानपुरे, गवसणीच्या आत, हलकेच बोलले. मला हसू आवरेना. हात माझाच, पण वाड्यात तो कायम दबकून चालत आला होता, काकू जाग्या होतील म्हणून. आता तो पाय आपटत आला. त्या मुलाला हा आवाज ऐकायला मिळाला असता तर त्याने बहुतेक बँकेच्या परीक्षेवरून गायकाशी भांडण तरी केलं असतं.

तासाभरात पहिलं आणि दुसरं झालं. जाण्यायेण्यात काही मिलिसेकंदांचा उशीर होतो, तो ट्रॅकच्या सुरुवातीला एक टिचकी ठेवून नंतर जुळवला. दुसरा माइक एक मीटर मागे लावून पाहिला. आवाज हवेतून मिलिसेकंदाला साधारण ३४ सेंटिमीटर जातो, तेव्हा तो मागून पोचलेला आवाज पुढच्याला कापायला लागला, जाडी गेली. काढून टाकला. नारिंगी पेडल लावलं, काढलं. हिरवं ठेवलं. हे असं करत बसायचा मोह हाच या प्रकाराचा खरा धोका. वाजवताना माणूस एक आवाज ठरवतो आणि वाजवून मोकळा होतो. इथे वाजवणं होऊन गेलेलं, आवाज कधीच ठरत नाही.

गाडं अडलं ते पुढच्या रविवारी, तिसऱ्या गाण्यापाशी. त्याच्या मध्यावर एक सोलो आहे. शेवटी तार ओढून एका सुरावर जायचं आणि तिथे थांबायचं, अशी त्याची बांधणी. माझ्या आठवणीत मी तिथे खूप वेळ थांबलो होतो. अ‍ॅम्पमधून आला तो सूर सुंदर होता. गोल, भरलेला, आता उमलणार असं वाटायला लावणारा. आणि त्याच वेळी तो संपला. कोणीतरी दार लावून घ्यावं तसा.

मला वाटलं, जोर कमी पडतोय. बटण (डावीकडे) फिरवलं. कॉम्प्रेसर लावला. अ‍ॅम्प मोठा केला. सूर आणखी देखणा झाला आणि तिथेच, तेवढ्याच वेळात, संपला. चौथ्या खेपेला मावशी आत येऊन पलंगावर बसली. पूर्ण सोलो ऐकला.

"पुन्हा लाव."

लावला.

"वाजवताना तू हे ऐकत नव्हतास," ती म्हणाली.

"म्हणजे?"

"म्हणजे हे असं वाजत असताना कोण सोडेल तो सूर? तू दुसरंच काहीतरी ऐकत होतास. ते विझत आलं म्हणून तू हात उचललास." मग जरा थांबून, "तानपुऱ्याची जवारी बिघडली की माझंही असंच होतं. सूर बरोबर लागतो, पण ठरत नाही. कशावर ठरणार?" जवारी म्हणजे तानपुऱ्याच्या घोडीवर तारेखाली दोरा सरकवून तार झंकारती करतात, ती. केसभर दोरा हलला की तार मुकी होते. सवाईला बघा, गायक बसल्या बसल्या आधी मॉनिटरमध्ये तानपुरा वाढवायला सांगतो. मला लहानपणी तो नखरा वाटायचा.

बरोबर होतं तिचं. हेडफोनमधला तो लुटुपुटीचा अ‍ॅम्प दोन सेकंदांत विझायचा, आणि विझणाऱ्या सुराला धरून ठेवायला त्या मुलाला लाज वाटली असणार. खरा अ‍ॅम्प समोर असता तर गोष्ट निराळी झाली असती. मोठ्या अ‍ॅम्पसमोर गिटार धरून उभं राहिलं की स्पीकरचा आवाज हवेतून येऊन तारेलाच पुन्हा हलवतो; हललेली तार पुन्हा अ‍ॅम्पमध्ये जाते, पुन्हा बाहेर येते; सूर विझायच्या ऐवजी वाढत जातो, बोट उचलेपर्यंत. याला फीडबॅक म्हणतात, आणि रॉकवाल्यांचं निम्मं आयुष्य त्याच्या मागे जातं. री-अ‍ॅम्पिंगमध्ये हे होऊच शकत नाही. स्पीकर हवा हलवतो, कडी हलवतो, तानपुरे हलवतो. तार तिथे नसते. असते ती २००९मध्ये, सदाशिव पेठेत.

मावशीच्या घरापासून थोड्याच अंतरावर फिल्म इन्स्टिट्यूट आहे. प्रभात फिल्म कंपनी १९३३मध्ये कोल्हापूरहून पुण्याला आली, तिचाच तो स्टुडिओ. १९६०मध्ये तिथे इन्स्टिट्यूट सुरू झाली. तिथून शिकून गेलेला एक मित्र डबिंगबद्दल बोलताना म्हणायचा, ओठ जुळवणं सोपं असतं रे, श्वास जुळत नाही. शूटिंगला नट जिना चढून आलेला असतो, डबिंगला खुर्चीवरून उठून आलेला. ओठ तेव्हाचे, गळा आत्ताचा. माझंही तेच चाललं होतं. हात तेव्हाचा, गळा आत्ताचा, आणि मध्ये जो श्वास राहिला होता तो कुठल्याच पेडलमध्ये मिळेना.

आत्ताच्या गिटारवर तो एक सूर पुन्हा वाजवून चिकटवावा, असं ड्रमरने सुचवलं. वाजवला. अ‍ॅम्पसमोर उभा राहून, चांगला आठ सेकंद धरून. सुरेख आला. जोडून ऐकलं तर एखाद्या विशीतल्या पोराच्या वाक्याचा शेवट त्याच्या काकाने केल्यासारखं वाटलं. काढून टाकला. जुना, आखूड सूर ठेवला. त्याच्यानंतर दोन मात्रा रिकाम्या आहेत, तिथे आता फक्त बेस ऐकू येतो. बेसवाला खूश आहे. त्याच्या म्हणण्याप्रमाणे ते पहिल्यापासून तसंच असायला हवं होतं.

चौथं, म्हणजे अर्धं, गाणं तिसऱ्या रविवारी घेतलं. ते अर्धवट का राहिलं हे आमच्यापैकी कोणालाच आठवत नव्हतं. ड्रमर म्हणे तुझी तार तुटली. बेसवाला म्हणे लाइट गेले. दोन वाजायला दहा मिनिटं होती. मी ट्रॅक सोडला. साधी चाल, साधे कॉर्ड, दुसऱ्या कडव्यापर्यंत ठीक. मावशीची नात आत जमिनीवर बसून मोबाइल बघत होती. आणि एकदम अ‍ॅम्पमधून, गिटारच्या वरताण, ते आलं.

टिडिक्-टिडिक्-टिडिक्. टर्रर्रर्र. टिडिक्-टिडिक्.

तीनशे व्होल्टच्या व्हॉल्व्हमधून, पाच-पाच फूट उंच. त्याखाली गिटार दोन मात्रा चालू राहिली, तिसऱ्या मात्रेला हात तारांवर पडला, आणि भप्प करून वायर निघाली. ट्रॅक संपला.

जुने टूजी फोन वाजायच्या आधी सेकंद-दोन सेकंद असं बोलायचे. टॉवरशी बोलताना त्यांचे रेडिओचे ठोके सेकंदाला २१७ वेळा पडत, आणि जवळ जे काही वेढ्यांचं, तारांचं असेल त्यात शिरत: रेडिओत, टीव्हीत, गिटारच्या पिकअपमध्ये. माझा फोन तेव्हा मांडीशेजारी गादीवर असायचा. कुणाचा तरी फोन येऊ घातला होता. कुणाचा, ते काही केल्या आठवेना. वाड्याच्या त्या खोलीतला दुसरा कुठलाच आवाज त्या ट्रॅकवर नाही. माझी पावलं नाहीत, काकूंची काठी नाही, चौघांपैकी कोणाचं बोलणं नाही. पिकअपला माणसं ऐकू येत नाहीत.

नात उठून दारात आली.

"काका, हे मस्त होतं. कुठलं पेडल?"

तिला सांगायला मी तोंड उघडलं, तेव्हा लक्षात आलं की माझा हात केव्हाच खिशात गेला होता आणि फोन बाहेर काढून मी त्याच्या काळ्या स्क्रीनकडे बघतोय. बाहेर ब्रेकर सुरू झाला.